दाभोसा ते भिवंडी, बिऱ्हाडासकट

नागली-वरईची झोडणी आटोपली आणि दिवाळी सरली, की जव्हारजवळच्या दाभोसा परिसरातल्या पाड्यांवर पहाटे पिकअपचे दिवे दिसू लागतात. पावसाळ्यात लेंडी नदीचा धबधबा पाहायला शहरातली गर्दी याच रस्त्याने वर येते. आता इथली माणसं त्याच रस्त्याने खाली उतरतात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला. अशाच एका गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी भिवंडीच्या अंगाला गेलो.

सामान चढवायचा क्रम ठरलेला असतो, तो कुणाला सांगावा लागत नाही. तळाशी तांदळाची आणि नागलीची पोती, कारण सुरुवातीचे दिवस घरच्याच धान्यावर काढायचे असतात. त्यावर हंडे, तवा, पातेली, आणि वर गोधड्या म्हणजे बसायला मऊ. कोंबड्यांचं डालगं कडेला बांधलेलं. कुऱ्हाड-कोयते सगळ्यांत शेवटी, हाताशी येतील असे; उतरल्यावर पहिलं काम झोपडं उभारण्याचं. म्हातारी माणसं आणि गुरं मागे राहतात. गाडी हलली तेव्हा दारातली आजी नातवाला एवढंच म्हणाली, "शिमग्याला ये रं."

या गाडीतलं सगळ्यांत जड सामान मात्र दिसत नाही. पावसाळ्यात, घरातला दाणा संपत आलेला असतो तेव्हा मुकादम बयाणा देऊन जातो. ते पैसे आवणीत, दवाखान्यात, बाजारात कधीच खर्च होतात. म्हणजे जोडपं गाडीत चढतं तेच अंगावर कर्ज घेऊन. भट्टीवर हजार विटांमागे दर असतो, आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते आणि खरा हिशेब होतो तो पावसाच्या तोंडावर. बयाणा फिटला नाही, तर पुढच्या दिवाळीची भट्टीही ठरून जाते. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 चा आहे. पण हिशेबाची वही अजून एकाच माणसाच्या हातात असते, आणि माझ्या मते सगळं दुखणं तिथे आहे.

जव्हार मागे पडलं की घाट लागतो. वळणांवर बाया पोरांना मांडीत घट्ट धरून ठेवतात, बोलणं थांबतं. विक्रमगडपासून जमीन सपाट होत जाते: कापलेली भातखाचरं, पेंढ्याच्या उडव्या, मग वाडा, कुडूस, कारखाने, गोदामं. वाटेत पिंजाळ, वैतरणा आणि तानसा ओलांडतो. वैतरणा-तानसाचं पाणी मुंबई पिते. मोखाड्यात कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा धरणही 2014 मध्ये त्यासाठीच उभं राहिलं. त्या पाण्याची रोज मोजदाद होते. आमच्या गाडीत मुलं किती, कुठे चालली, हे दिवसभरात एकाही नाक्यावर कुणी विचारलं नाही.

भट्टीवर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. कच्च्या विटा एकावर एक रचून कमरेएवढ्या भिंती झाल्या, वर पेंढा, त्यावर प्लास्टिक. बाईने तीन विटांची चूल मांडली. गडी लगेच मातीकडे वळला. माती आदल्या दिवशी भिजत घालावी लागते, भाताचं तूस मिसळून पायांनी तुडवावी लागते, तरच पहाटे थापणी सुरू होते. साचा रेतीत घोळवायचा, चिखलाचा गोळा आपटून भरायचा, हाताने सारखा करायचा आणि रांगेत उपडा करायचा. रांगा सुकू लागल्या की विटा उलटायचं काम मुलांकडे येतं. शाळा तिथेच सुटते.

शाळेचं तसंच पोषणाचं. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालकं 1992-93 मध्ये कुपोषणाने गेली. आज पाड्यांवर वजनकाटे आहेत, पोषण आहार आहे. पण घर सहा-सात महिने भट्टीवर असेल, तर त्या काट्यावर कोण उभं राहणार? शाळेच्या बाबतीत विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच झोपड्यांतल्या शाळा, म्हणजे भोंगाशाळा, चालवून एक गोष्ट दाखवून दिली: माणसं हलतात तिथे शाळाही हलू शकते.

गाड्या कधी येतात आणि कुठे जातात, हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून ग्रामपंचायतींना, शिक्षकांना आणि अंगणवाडी सेविकांना विनंती आहे: दिवाळीच्या आठवड्यातच मुलांची यादी करा, वजन-लसीची नोंद आणि शिक्षण हमी कार्ड आईच्या हातात द्या. आणि भट्टीमालकांनो, बयाण्याचा कागद दोन प्रतींत करा. एक प्रत थापणाऱ्याच्या घरात राहू द्या.