समुद्रतळाचे रहिवासी (लेखांक ७) : उकळतं आणि गोठतं, यांच्या मधे

गेल्या आठवड्यात समुद्रतळावरच्या धुराड्यांची, म्हणजे तळातून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या तोंडांची, ओळख झाली. आज त्यांच्या अंगाला चिकटून राहणाऱ्या एका खेकड्याविषयी.

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात खेकडे जवळपास नाहीतच. पाणी शून्य अंशाच्या आसपास गेलं की रक्तातलं मॅग्नेशियम बाहेर टाकणं त्यांना जमत नाही आणि अंग बधिर होतं. म्हणूनच जानेवारी २०१० मध्ये ‘जेम्स कुक’ या ब्रिटिश जहाजावरून ‘आयसिस’ हे यान त्याच समुद्राच्या तळाशी असलेल्या ईस्ट स्कोशिया पर्वतरांगेवर उतरलं, तेव्हा सगळे थक्क झाले. सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, धुराड्यांभोवती पांढऱ्या खेकड्यांचा नुसता खच! एका चौरस मीटरमध्ये सातशेपर्यंत. २०१५ साली या जातीला सागरशास्त्रज्ञ पॉल टायलर यांच्यावरून ‘किवा टायलेरी’ हे नाव मिळालं.

म्हणायचं खेकडा, पण हा स्क्वॉट लॉब्स्टर. शंखात राहणाऱ्या खेकड्यांचा भाऊबंद. पायांची शेवटची जोडी इतकी बारीक, की नांग्या धरून चारच जोड्या नजरेत भरतात.

त्याची छाती पाहा. तिच्यावर दाट केस आणि केसांवर जिवाणूंचे पुंजके. गरम पाण्यातल्या गंधकाच्या संयुगांवर हे जिवाणू पोसतात. खेकडा तोंडाजवळच्या, फणीसारखे दाते असलेल्या उपांगांनी छाती विंचरतो आणि निघेल ते खातो. शेत त्याच्या अंगावरच आहे. फक्त ते योग्य पाण्यात धरून ठेवावं लागतं. तिथेच सारी गोम आहे. धुराड्याच्या तोंडातून ३८० अंशांच्या आसपास तापलेलं पाणी उसळतं, तर काही मीटरवर शून्याजवळची थंडी. जवळ गेलं तर भाजणार, लांब गेलं तर अंग आखडणार आणि जिवाणूही उपाशी. मोठे नर सर्वांत आत, लहानगे आणि माद्या कडेला.

अंडी धरलेल्या माद्यांना मात्र ही ऊबही सोडावी लागते. झऱ्याच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि विषारी सल्फाइड जास्त. त्यात अंडी वाढणं अवघड. म्हणून त्या थंडीत निघून जातात. तिथे जिवाणू पोसले जात नाहीत, मादी खंगते, आणि परत येण्याइतकं बळ तिच्यात बहुधा उरत नाही.

या जातीच्या ज्ञात वस्त्यांमध्ये चारशेहून अधिक किलोमीटरचं अंतर आहे, आणि प्रत्येक वस्ती काही मीटर रुंदीची. हे लक्षात ठेवून हिंदी महासागराकडे पाहायला हवं. त्याच्या नैर्ऋत्य भागातल्या लाँगची झऱ्यांवर याच कुळातला भाऊ सापडला आहे. त्या परिसरात सल्फाइड खनिजांच्या शोधाचा करार चीनने २०११ मध्ये केला. २०१६ मध्ये भारतानेही हिंदी महासागरात तसाच करार केला. जिवंत झऱ्यांना तरी या शोधातून पुढे होऊ शकणाऱ्या खाणकामातून वगळावं, असं मला ठामपणे वाटतं; धुराडं पाडलं तर त्या खेकड्यांना सरकायला जागाच नाही.