लाडका खेळ ठरतो कसा? जपानी आरपीजींच्या कौलांमागची गोष्ट

जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था असलेल्या एनएचकेने 'फायनल फँटसी' या व्हिडिओ गेम मालिकेवर प्रेक्षकांचे मतदान घेतले आणि २०२० साली निकाल जाहीर केला. साडेचार लाखांहून अधिक मते पडली होती. पहिला क्रमांक मिळाला तो मालिकेच्या दहाव्या भागाला. १९९७ चा सातवा भाग दुसरा, तर १९९४ चा सहावा भाग तिसरा आला. त्याआधी २००६ मध्ये 'फामित्सु' या जपानी साप्ताहिकाने सर्व प्रकारच्या व्हिडिओ गेमवर वाचकांचा कौल घेतला होता. त्यातही दहावा भाग पहिला आणि सातवा दुसरा होता.

हा झाला एक कल. मात्र २०१९ मध्ये, हेइसेइ हे सम्राटयुग संपत असताना, याच साप्ताहिकाने त्या युगातील सर्वोत्तम खेळ कोणता, असे विचारले. तेव्हा सात हजारांहून अधिक वाचकांनी १९९५ च्या 'क्रोनो ट्रिगर'ला अग्रस्थान दिले. पुढे २०२१ मध्ये टीव्ही असाही या वाहिनीच्या मोठ्या मतदानात 'झेल्डा' मालिकेतील २०१७ च्या खेळाखालोखाल १९९२ चा 'ड्रॅगन क्वेस्ट ५' दुसरा आला. देश एकच, खेळांचा प्रकारही बव्हंशी एकच, तरीही कौल वेगवेगळे. हे खेळ कसे घडले आणि कसे खेळले गेले, हे पाहिल्यावर त्याचे फारसे नवल वाटत नाही.

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम. खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, सोबती जमवतो, लढतो, अनुभव मिळवून बलवान होतो आणि कथा पुढे नेतो. संगणकावरील हा प्रकार मूळचा अमेरिकेचा. १९८१ साली आलेले 'विझार्ड्री' आणि 'अल्टिमा' हे तेथील गाजलेले खेळ जपानी निर्मात्यांनी अभ्यासले. त्यांतील किचकटपणा काढून युजी होरिई यांनी १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' सिद्ध केला. त्याची चित्रे अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचे. पुढील वर्षी हिरोनोबु साकागुची यांचा पहिला 'फायनल फँटसी' आला. शत्रू समोर आला की पडद्यावर पर्यायांची यादी उघडते. हल्ला, मंत्र, औषध यांपैकी एक निवडायचे आणि आपली पाळी संपवायची. येथे बोटांच्या चपळाईपेक्षा विचाराला अधिक महत्त्व असते. त्यामुळे चपळाईच्या खेळांत मागे पडणारी मुलेही यात रमली.

अशा खेळाला वेळ मात्र भरपूर लागतो. चाळीस-पन्नास तास ही सर्वसाधारण गोष्ट. शाळकरी मुलासाठी याचा अर्थ सुट्टीचे कित्येक आठवडे. चित्रपट दोन-तीन तासांत संपतो, कादंबरी काही दिवसांत. हा खेळ मात्र आयुष्याच्या एका तुकड्याला चिकटून बसतो. त्यात सुरुवातीच्या काळात प्रगती जपून ठेवण्याची सोयही धड नव्हती. 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या पहिल्या भागात खेळ थांबवताना वीस जपानी अक्षरांचा संकेत कागदावर उतरवून घ्यावा लागे. दुसऱ्या भागात ही संख्या बावन्नपर्यंत गेली. एक अक्षर चुकले की सारे श्रम वाया. १९८८ च्या तिसऱ्या भागात कार्ट्रिजमध्ये बॅटरी बसवून ही अडचण दूर करण्यात आली. पण ती बॅटरीही दगा देई, आणि अशा वेळी शापित वस्तू अंगावर चढल्यावर वाजणारी भयसूचक धून वाजून सगळी नोंद पुसली गेल्याचे सांगितले जाई. एवढ्या कष्टाने पूर्ण केलेला खेळ त्या पिढीच्या मनातून सहजासहजी उतरत नाही. नंतरच्या पिढीला हे कळणे कठीण, आणि तिची निवडही निराळी असणार.

दहाव्या 'फायनल फँटसी'चे यश याच हिशेबाने पाहता येते. तो २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. मालिकेतील पात्रे प्रथमच आवाजासह बोलू लागली ती याच भागात. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला खेळाडू एनएचकेच्या मतदानावेळी चौतिशीत पोहोचला होता: स्वतःची कमाई असलेला आणि शाळेचे दिवस आठवू लागलेला. अर्थात केवळ वयाने सारे ठरते, असे म्हणणे खेळांवर अन्याय करणारे ठरेल. 'क्रोनो ट्रिगर' आजही जुना वाटत नाही, त्याची कारणे त्याच्या रचनेत आहेत. शत्रू नकाशावरच दिसतात, लढाई तेथल्या तेथे होते, आणि अंतिम शत्रूशी कोणत्या टप्प्यावर गाठ पडते त्यावर शेवट बदलतो. होरिई, तोरियामा आणि साकागुची या प्रतिस्पर्धी मालिकांच्या कर्त्यांनी तो एकत्र येऊन केला. लांबीही आटोपशीर, या प्रकारात हा गुण दुर्मिळच.

'ड्रॅगन क्वेस्ट ५'ची गोष्ट आणखी वेगळी. यात नायक जन्मापासून दिसतो. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत वडील मारले जातात, पुढची दहा वर्षे गुलामीत जातात, मग विवाह, मुले, आणि शेवटी उमगते की भाकितातला वीर तो स्वतः नसून त्याचा मुलगा आहे. मध्यावर खेळाडूला वधू निवडावी लागते. बालपणी भुताटकीच्या वाड्यात सोबत आलेली बियांका, की श्रीमंत घरातील सौम्य फ्लोरा? २००८ च्या नव्या आवृत्तीत देबोरा हा तिसरा पर्यायही आला. हिशेबी खेळाडूला फ्लोराच्या माहेरची मदत खुणावते. अनेकांचा हात मात्र बियांकाकडे वळतो. हा वाद जपानी चाहत्यांत तीस वर्षांनंतरही रंगतो. हा खेळ दहाव्या वर्षी खेळलेला मुलगा स्वतः बाप झाल्यावर पुन्हा खेळतो, तेव्हा त्याला नायकापेक्षा त्याच्या वडिलांचे वागणे अधिक कळते. त्यामुळे त्याचे वरचे स्थान कोणाला खटकू नये.

जपानबाहेरची आवड मात्र भाषेने घडवली. 'ड्रॅगन क्वेस्ट ५' अधिकृत इंग्रजीत अवतरला तो २००९ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. 'फायनल फँटसी'चे दुसरा, तिसरा आणि पाचवा हे भाग अमेरिकेत गेलेच नव्हते; म्हणून सहावा भाग तेथे 'तिसरा' या क्रमांकाने विकला गेला. भारतातील खेळाडूंपर्यंतही हे खेळ प्रामुख्याने इंग्रजी आवृत्त्यांतूनच पोहोचले. जे हाती पडलेच नाही, ते लाडके तरी कसे होणार?

'जपानी आरपीजी' हे नावही बाहेरच्यांनीच दिलेले. सोळाव्या 'फायनल फँटसी'चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मधील एका मुलाखतीत सांगितले की, हा शब्द प्रथम कानावर आला तेव्हा जपानी निर्मात्यांना तो हिणवणारा वाटला होता. आज तो बहुधा कौतुकानेच उच्चारला जातो. २०२५ चा 'क्लेअर ऑब्स्क्युअर' तर फ्रान्समध्ये तयार झाला, पण त्याचा आत्मा याच परंपरेतला आहे.

लाडक्या खेळांच्या या याद्या निव्वळ करमणुकीपुरत्या नाहीत. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्धच नव्हते. जुना खेळ नव्या यंत्रावर आणण्याचा खर्च कंपन्या करतात तो मागणी पाहूनच. सातव्या 'फायनल फँटसी'ची नव्याने निर्मिती २०२० पासून भागाभागाने होत आली. तिसऱ्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ला २०२४ मध्ये नवे रूप मिळाले. चाहत्यांचा आवाज मोठा असूनही काही खेळ मात्र अडकून पडतात. शिगेसातो इतोई यांचा 'मदर ३' हा २००६ चा खेळ कंपनीने इंग्रजीत आणला नाही. शेवटी २००८ मध्ये चाहत्यांनीच त्याचा अनुवाद केला. २०२४ मध्ये निन्टेन्डोने तो आपल्या स्विच सेवेत समाविष्ट केला. तोही केवळ जपानमधील सदस्यांसाठी.