माहेरची वाट

मार्च-एप्रिलच्या काळोख्या रात्री उधाणाचं पाणी इंग्लंडच्या सेव्हर्न नदीत शिरतं, तेव्हा काठावर दिवे लागतात. कोळी लांब दांड्याचं जाळं काठालगत बुडवतात, थोडं थांबून उचलतात. आत वळवळतं ते आधी नुसतं पाणीच वाटतं. उजेडात धरलं की दोन काळे ठिपके दिसतात, ते डोळे. त्यांच्यामागे धाग्याएवढा कणा आणि कल्ल्यांपाशी लालसर छटा. जेमतेम सात सेंटिमीटरची, काचेसारखी आरपार दिसणारी ही युरोपीय वामीची पिल्लं. किलोभरात सुमारे ३,००० भरतात.

ती येतात कुठून? वामीच्या पोटात ना अंडी सापडत ना वीर्य, म्हणून ॲरिस्टॉटलने ती चिखलातून उपजते असं मानलं. १८७६ साली व्हिएन्नाचा एक तरुण विद्यार्थी ट्रिएस्टला नराचं वृषण शोधायला गेला. त्याने सुमारे ४०० वामी चिरल्या, तरी छातीठोक उत्तर मिळालं नाही. तो विद्यार्थी म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. दोष त्याच्या सुरीचा नव्हता. वामीची जननेंद्रियं पूर्ण वाढतात ती नदी सोडल्यावरच.

पुढे १८९६मध्ये ग्रासी आणि कालांद्रुचो या इटालियन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, समुद्रात मिळणारा, वेगळी जात समजला गेलेला पानासारखा चपटा मासा हीच वामीची अळी. मग डेन्मार्कच्या योहानेस श्मिटने एक साधा हिशेब मांडला: जिथे अळी सर्वांत लहान, तिथून जन्मस्थान सर्वांत जवळ. १९०४मध्ये फेरो बेटांजवळ मिळालेली अळी ७७ मिलिमीटरची होती. तिथून तो अटलांटिकभर जाळी ओढत राहिला. पश्चिमेकडे जावं तशी अळी लहान होत गेली, आणि बर्म्युडाच्या दक्षिणेकडे, सारगासो समुद्रात, ती काही मिलिमीटरवर आली. हे निष्कर्ष १९२३ साली प्रसिद्ध झाले.

तेच वामीचं माहेर. तिथून सागरी प्रवाहांवर वाहत आलेली पिल्लं नद्या, तळी, ओढे गाठतात. ओल्या गवतातून सरपटत जाऊन दुसरं पाणी धरतात, कारण वाम कातडीतूनही श्वास घेते. पिवळट-तपकिरी अंगाने ती दहा-वीस वर्षं, कधी त्याहून अधिक, गोड्या पाण्यात काढते. मग एका शरद ऋतूत पोट चंदेरी होतं, डोळे मोठे होतात, आतडी आटतात. यापुढे ती काही खात नाही. साठवलेल्या चरबीच्या बळावर पाच ते दहा हजार किलोमीटर पोहते: दिवसा खोल काळोखात, रात्री थोडी वर. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अझोर्स बेटांजवळ उपग्रह-खुणा लावून सोडलेल्या माद्यांपैकी मोजक्या सारगासोपर्यंत पोचल्याचं दिसलं. पण तिथे अंडी घालणारी वाम, किंवा तिचं एखादं अंडं, आजवर कुणाच्या दृष्टीस पडलेलं नाही. बाळंतपणाला माहेरी गेलेली ही लेक परतही येत नाही. तिथेच तिचं आयुष्य संपतं, असं मानलं जातं.

१९८०च्या दशकापासून युरोपच्या किनाऱ्याला लागणाऱ्या पिल्लांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. धरणं, टर्बाइनची पाती, पिल्लांची चोरटी निर्यात, आशियातून आणलेल्या वामींबरोबर आलेला वाताशयातला कृमी, बदलता समुद्र अशी कारणं एकमेकांत गुंतली आहेत. २००८पासून युरोपीय वाम अतिसंकटग्रस्त गणली जाते. सह्याद्रीच्या नद्यांतली अहिर याच कुळातली. तीही गोड्या पाण्यात वाढून अंडी घालायला समुद्राकडे जाते. त्यामुळे अडलेल्या वाटेची ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही.

काही ठिकाणी बंधाऱ्यांवर दाट ब्रशांच्या उतरत्या फळ्या बसवल्या आहेत. त्यांवरून पाण्याची बारीक धार सोडतात आणि पिल्लं त्या केसांना अंग घासत वर चढतात. आयर्लंडच्या शॅनन नदीवर १९२९पासून जलविद्युत केंद्र आहे. तिथे कोळी धरणाच्या वर चंदेरी वामी पकडतात, पाण्याच्या टाक्यांतून गाडीने खाली नेतात आणि धरणापलीकडे सोडून देतात. सासुरवाशिणीला न्यायला मुराळी यावा, तसं हे काम. फरक इतकाच की या मुराळ्याने तिचं माहेर पाहिलेलं नाही. तो तिला नदीत सोडतो, आणि पुढची वाट तिची तिलाच ठाऊक असते.