घरातली हवा मोजायची कधी? सहेरीच्या वेळी

जालना म्हटलं की स्टीलच्या भट्ट्या आठवतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही आपलं शहर आहे. पण भट्ट्यांना नावं ठेवताना आपण आपल्या स्वयंपाकघराकडे बघतच नाही. दादीचा खोकला, मुलाचा दमा घरातल्या धुरानेही वाढतो.

पीएम २.५ हे बारीक कण मोजणारं छोटं यंत्र आता ऑनलाइन मिळतं. चार घरांनी मिळून एक घेतलं तरी चालेल. दुपारी आकडा बघून खूश होऊ नका. सहेरीला खिडक्या बंद ठेवून तळण चालतं तेव्हा, जुमेरातला लोबान जाळल्यावर आणि रात्री मच्छर कॉइल लावल्यावर बघा. यंत्र बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठेवा, चुलीला किंवा खिडकीला चिकटून नको. वाफेतही नको, कारण पाण्याचे थेंबही ते धूळ म्हणून मोजतं.

आपल्याकडे बाहेरच्या हवेची २४ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटना १५ सांगते. घरातलाही दिवसभराचा आकडा याच मापाने बघा. मग यंत्र गच्चीवर न्या. बाहेर आकडा कमी असेल तर खिडक्या उघडा. जास्त असेल तर स्वयंपाकापुरता एक्झॉस्ट लावा. लोबान-कॉइल मात्र बंदच बरं. खुशबू हवी तर अत्तर आहेच, त्याला धूर नसतो.

हे यंत्र कार्बन मोनॉक्साइड दाखवत नाही. त्या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून आकडा कितीही चांगला असो, थंडीत दार लावून शेगडीजवळ झोपू नका.