गुडघेदुखी आणि वजन (लेखांक नववा) : चरबी उतरावी, मांडी राहावी

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा विचार या लेखांकात करण्याचे ठरले होते; तथापि वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील एका वाचक भगिनीच्या पत्राने तो विषय आठवडाभर पुढे ढकलणे भाग पडले आहे. पत्राचा आशय असा की, डॉक्टर वजन कमी करायला सांगतात, वजन कमी करायचे तर रोज सकाळी फिरायला जा असे सगळेच सांगतात, आणि गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन आले की गुडघा सुजून दोन दिवस घरकामही होत नाही. तेव्हा ज्याला चालताच येत नाही त्याने वजन उतरवायचे तरी कसे? गुडघेदुखीच्या बहुतेक रुग्णांचा पाय ज्या त्रांगड्यात अडकतो ते हेच असल्यामुळे त्याला एक पूर्ण लेखांक देणे अगत्याचे आहे.

या त्रांगड्याचा पाया एका गृहीतकावर उभा आहे. वजन प्रामुख्याने चालण्याने उतरते, हे ते गृहीतक होय, आणि ते टिकणारे नाही. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात स्टीफन मेसियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याची झीज झालेल्या, पंचावन्न किंवा त्याहून अधिक वयाच्या ४५४ जादा वजनाच्या व्यक्तींवर दीड वर्ष चाललेला एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील एका गटाने केवळ व्यायाम केला, दुसऱ्याने केवळ आहार कमी केला आणि तिसऱ्याने दोन्ही केले. केवळ व्यायाम करणाऱ्यांचे वजन सरासरी दोन किलोच्या आतच उतरले, केवळ आहार सांभाळणाऱ्यांचे सुमारे नऊ किलो उतरले आणि दोन्ही करणाऱ्यांचे साडेदहा किलोंच्या आसपास उतरले. वेदना मात्र सर्वांत अधिक कमी झाल्या त्या या तिसऱ्या गटाच्या. याच संशोधकांनी २००५ मध्ये असे दाखवून दिले होते की, शरीराचे वजन एक किलोने घटले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर येणारा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

या आकड्यांचे कारण साधे आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, आणि दुखऱ्या गुडघ्याने सावकाश चालणाऱ्या सत्तर किलो वजनाच्या बाईच्या तासाभराच्या चालण्याने खर्च होतात त्या जेमतेम दोनशे. रस्स्यावर तर्री यावी म्हणून फोडणीत वाढवलेले दोन मोठे चमचे तेल तेवढे सगळे भरून काढते. म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याचा वजन उतरवण्याचा मार्ग बंद झालेला नसतो. तो मार्ग मुळात ताटातूनच जातो. चालता येत नाही म्हणून वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत बसलेल्या असंख्य स्त्रियांना ही एवढी गोष्ट कोणी स्पष्ट सांगत नाही, याचे दुःख वाटते.

तथापि येथे एक धोका आहे. आहार नुसताच तोडला तर उतरलेल्या वजनात केवळ चरबी नसते. ढोबळमानाने त्याचा चौथा हिस्सा स्नायूंचा व इतर चरबीविरहित ऊतींचा असू शकतो, आणि वय साठीपुढचे असेल तर गेलेला स्नायू सहजी परत येत नाही. गुडघ्याच्या रुग्णाला हे विशेष महागात पडते, कारण त्याच्या गुडघ्याचा खरा रखवालदार मांडीच्या पुढच्या बाजूला असतो. चार भागांचा मिळून बनलेला हा स्नायू, ज्याला शरीरशास्त्रात चतुःशिरस्क असे नाव आहे, खालच्या टोकाला गुडघ्याच्या वाटीला धरून नडगीच्या हाडाला जोडलेला असतो आणि टाच जमिनीवर टेकताक्षणी बसणारा धक्का सांध्यापर्यंत पोहोचण्याआधीच तो बराचसा झेलतो. गुडघ्यात सूज असली की मज्जारज्जूकडून होणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे हा स्नायू आपोआप ढिला पडतो, ढिला पडला की वापर घटतो, वापर घटला की तो रोडावतो आणि धक्के थेट कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरील त्या गुळगुळीत आवरणावर बसू लागतात. अशा माणसाने उपासतापास करून सहा किलो उतरवले आणि त्यांत दीड किलो स्नायू गमावला, तर काटा समाधान देईल, पण जिना चढताना गुडघा पूर्वीइतकाच किंवा अधिकच दुखेल. म्हणून वजन घटवण्याऐवजी चरबी घटवणे आणि मांडी राखणे असे दुहेरी उद्दिष्ट ठेवणे अधिक योग्य होय, आणि त्यासाठी प्रथिनांचा, म्हणजे स्नायू ज्यापासून घडतात त्या अन्नघटकांचा, हिशेब करावा लागतो.

मोजून खाण्याची परंपरा वर्धा जिल्ह्याला नवीन नाही. १९३६ मध्ये गांधीजी ज्या शेगावात राहावयास आले आणि ज्याचे पुढे सेवाग्राम झाले, तेथील आश्रमात आहार हा नित्याचा प्रयोगविषय होता, आणि १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना आरोग्यावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात त्यांनी बैठे, बौद्धिक काम करणाऱ्या माणसासाठी रोजच्या आहाराचे चक्क तोलून परिमाण दिले आहे : गाईचे दूध दोन पौंड, सर्व धान्ये मिळून सहा औंस, पालेभाज्या तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, तूप दीड औंस आणि गूळ किंवा साखर दीड औंस. आजच्या कोष्टकांनी हिशेब केला तर हे सुमारे अठराशे कॅलरींचे व पन्नासएक ग्रॅम प्रथिनांचे जेवण होते. या यादीत धान्य केवळ १७० ग्रॅम आहे, आणि प्रथिनांचा निम्म्याहून अधिक भार नऊशे ग्रॅम दुधाने उचलला आहे. आजच्या सामान्य वैदर्भीय घरात हे प्रमाण नेमके उलटलेले दिसते. धान्य दुप्पट, तेल सढळ आणि दूध चहापुरते.

मग प्रथिने येतात कोठून, असे विचारले की वरणाकडे बोट दाखवले जाते. चार माणसांच्या घरात एका वेळी शंभर ग्रॅम तुरीची डाळ शिजली असे धरले, तर त्या शंभर ग्रॅमात प्रथिने सुमारे बावीस ग्रॅम असतात, म्हणजे माणशी साडेपाच. ते वरण पातळ करून भातावर ओतले की पोटात जातो तो मुख्यतः भात. वजन उतरवत असलेल्या वयस्क व्यक्तीला शरीराच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम किंवा किंचित अधिक प्रथिने मिळावीत, असा आहारतज्ज्ञांचा सर्वसाधारण कल आहे. सत्तर किलोंच्या बाईला ते सत्तर ग्रॅम झाले. हा पल्ला पातळ वरणाने गाठता येत नाही. याच जिल्ह्यात कापूस आणि तुरीच्या जोडीने पसरलेले खरिपाचे पीक म्हणजे सोयाबीन, आणि ते दसऱ्याच्या सुमारास सोंगून, मळून, पोत्यांत भरून जवळपास सगळे बाजारात जाते. तेल काढून उरणाऱ्या पेंडीच्या पिठापासून बनणाऱ्या सोयावडीत निम्मे वजन प्रथिनांचे असते. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्या भिजवून, घट्ट पिळून, कांदा-टोमॅटोत थोड्या तेलावर परतल्या तर एकाच वेळी पंचवीस ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि त्यासोबत एक भाकरी पुरेशी होते. ज्या मातीत हे धान्य पिकते तेथील स्वयंपाकघरात ते पाहुण्यासारखे क्वचितच यावे, ही गोष्ट खटकते. दही, ताक, अंडी, घट्ट वरण आणि झुणका यांची भर घातली की आकडा गाठणे अवघड राहत नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. उपासाबद्दल एवढेच म्हणता येईल की साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च असून शंभर ग्रॅमात साडेतीनशे कॅलरी आणि नावापुरती प्रथिने देतो, तेव्हा वजनासाठी धरलेल्या उपासाला त्याची खिचडी हा विरोधाभासच होय.

पत्रातील दुसरा प्रश्न निंदणाचा आहे. उकिडवे बसून दिवसभर निंदण केले की गुडघे जातात, पण रोजी सोडता येत नाही, असे त्या लिहितात, आणि हा अनुभव शास्त्राला धरून आहे. चीनमधील बीजिंग शहरातील वृद्धांच्या पाहणीत तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवे बसण्याची सवय आणि म्हातारपणीची गुडघ्याची झीज यांचा संबंध आढळला. गुडघा काटकोनाहून अधिक दुमडला की वाटी मांडीच्या हाडावर कित्येक पटींनी दाबली जाते. शेतमजूर स्त्रियांपैकी पुष्कळांचे वजन मुळीच अधिक नसते आणि तरीही त्यांचे गुडघे झिजतात. त्यांना वजन कमी करण्याचा उपदेश करणे निव्वळ अन्याय आहे. निंदण टाळता येत नसेल तर दर ओळीच्या शेवटी उभे राहून पाय ताठ करणे, जमेल तेथे बुटक्या लाकडी बैठकीचा आधार घेणे आणि घरी तरी उकिडवे बसणे टाळणे, भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवण्याची कमोडखुर्ची वापरणे, एवढे करता येते. जमिनीवर मांडी घालून जेवण्याची सवय कायमची सोडण्याची गरज नसते. सूज असेपर्यंत खुर्चीवर बसावे.

मांडी राखण्याचा व्यायाम गुडघ्यावर भार न देता सुरू होतो. पलंगावर पाय पसरून बसावे, टॉवेलची घट्ट गुंडाळी गुडघ्याखाली ठेवावी आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूने ती गुंडाळी खाली दाबावी. मांडीवर हात ठेवला तर वाटीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यात स्नायू गोळा होताना बोटांना कळतो, आणि तो गोळा झाला नाही तर दाब चुकीच्या जागी पडतो आहे असे समजावे. पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरून सोडावे, असे दहा वेळा, दिवसातून दोनतीनदा. दोनतीन आठवड्यांनी उंच खुर्चीवरून हात न टेकता उठण्याकडे वळावे, आणि खुर्ची उंच हवी हा तपशील दुर्लक्षू नये, कारण बुटक्या खुर्चीवरून उठताना गुडघा नेमका तोच जाच सोसतो जो टाळायचा असतो. सायकल चालवणाऱ्यांनी सीट एवढी वर ठेवावी की पायडल तळाला असताना गुडघा जरासाच वाकलेला राहील. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले राहिले तर वेळा निम्म्या कराव्यात. गुडघा लाल व गरम झाला, ताप आला किंवा पाय मध्येच अडकू लागला तर व्यायाम थांबवून तपासणी करून घ्यावी.

काट्यावरचा आकडा एकटा पुरेसा नसल्यामुळे त्याच्या शेजारी दुसरा आकडा नोंदवणे हितावह आहे. हात छातीवर घडी घालून अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभे राहता येते तो हा आकडा. साठ ते चौसष्ट वयाच्या स्त्रीला बारा आणि पुरुषाला चौदा वेळांहून कमी जमले तर पायांचे बळ सरासरीखाली समजतात. वजन उतरते आहे आणि हा आकडाही उतरतो आहे, असे महिन्याअखेर दिसले तर ताटात प्रथिने वाढवून काटछाट थोडी सैल करावी. आरंभी उल्लेखिलेल्या नव्या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाईडचा गुडघ्याच्या रुग्णांवरील प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ६८ आठवड्यांत वजन सरासरी जवळजवळ १४ टक्के घटले आणि वेदनाही घटल्या. त्या घटीत स्नायूचा वाटा किती, आणि तो वाचवण्यासाठी इंजेक्शन घेणाऱ्याने काय करावे, हे पुढील लेखांकात पाहता येईल.