बारा टोल, बारा द्राक्षं

जुनं वर्ष संपून नवं सुरू होतं त्या क्षणी माणसाला नुसतं घड्याळाकडे बघत बसवत नाही. काहीतरी करावंसं वाटतं. जपानमध्ये बौद्ध मंदिरांतली घंटा एकशे आठ वेळा वाजवतात. स्कॉटलंडमध्ये मध्यरात्रीनंतर घराचा उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतो, याला मोठं महत्त्व असतं. आणि स्पेनमध्ये? तिथे सगळा देश द्राक्षं खातो! मध्यरात्रीच्या बारा टोलांना बारा द्राक्षं, प्रत्येक टोलाला एक. ज्याची बाराही वेळेत संपली, त्याचे पुढचे बारा महिने सुखाचे जाणार असा समज.

ऐकायला हे अगदी सोपं वाटतं. पण दोन टोलांमध्ये असतात जेमतेम तीन सेकंद. म्हणजे छत्तीस सेकंदांत बारा द्राक्षं, तीही बहुधा बियांची. शिवाय माद्रिदच्या पुएर्ता देल सोल या चौकातलं घड्याळ थेट बाराचे टोल देत नाही. आधी मनोऱ्यावरचा गोळा घसरत खाली येतो, मग पाव-पाव तासाचे चार जोडटोल पडतात आणि त्यानंतर खरे टोल सुरू होतात. दर वर्षी कुणीतरी उतावीळ माणूस त्या जोडटोलांनाच द्राक्ष तोंडात टाकतो आणि घरच्यांच्या थट्टेचा धनी होतो. १९८९च्या शेवटच्या रात्री तर दूरदर्शनवरच्या निवेदिकेचीच या टोलांत गल्लत झाली आणि कित्येक घरांतली द्राक्षं ताटलीतच राहिली. तो किस्सा स्पेनमध्ये अजून सांगतात.

काही वर्षांपूर्वी ती रात्र मी माद्रिदमधल्या एका कुटुंबात घालवली. जेवण दहाच्या पुढे सुरू झालं, कारण तिथली रात्रच उशिरा उजाडते! साडेअकराला घरातल्या आजीबाईंनी द्राक्षांचं भांडं मांडीवर घेतलं. धाकट्या नातवासाठी त्या एकेक द्राक्ष सोलत होत्या, बिया काढत होत्या आणि त्याचे उभे काप करत होत्या. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षं देऊ नका, ती घशात अडकतात, असं तिथले बालरोगतज्ज्ञ दर डिसेंबरात बजावतात. आजीबाई मात्र आपलं काम कुणाच्या सांगण्यावरून करत नव्हत्या. हात सवयीने चालत होते. टोल सुरू झाले आणि एरवी क्षणभर गप्प न बसणारं ते घर एकदम मुकं झालं. सगळ्यांचे गाल फुगलेले, डोळे पडद्यावर. बाराव्या टोलानंतर एकच हशा उसळला आणि मग मिठ्या, मुके, डोळ्यांत पाणी.

ही प्रथा आली कुठून? द्राक्षबागायतदारांनी ती काढली, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. १९०९ साली अलिकांते भागात अमाप पीक आलं आणि ते खपवण्यासाठी 'भाग्याची बारा द्राक्षं' ही कल्पना पुढे आली, अशी ही गोष्ट. त्या वर्षानंतर प्रथा फोफावली असेलही, पण तिचा जन्म आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतल्या माद्रिदच्या वृत्तपत्रांत तिचे उल्लेख आहेत.

त्यामागची हकीगत अशी सांगतात. फ्रेंच थाटात शॅम्पेन पिऊन आणि द्राक्षं खाऊन वर्षाचा निरोप घ्यायचा, ही तेव्हाच्या माद्रिदमधल्या श्रीमंतांची रीत. गरिबांची मौज वेगळी होती. पाच जानेवारीच्या रात्री, बाळ येशूच्या भेटीला निघालेल्या तीन राजांना 'सामोरं जायला' ते शिड्या आणि मशाली घेऊन, डबे बडवत शहरभर हिंडायचे. १८८२ साली महापौर होसे आबास्काल यांनी या धिंगाण्यावर शुल्क बसवलं. फुकटची एक मौज हातची गेली! तेव्हा लोकांनी दुसरी शोधली. एकतीस डिसेंबरच्या रात्री ते पुएर्ता देल सोलमध्ये जमले आणि बड्या लोकांची नक्कल करत, घड्याळाच्या टोलांवर उघड्या रस्त्यात द्राक्षं खाऊ लागले. आज स्पेनचा राजा काय आणि रिक्षावाल्यासारखा राबणारा टॅक्सीवाला काय, सारे हेच करतात. थट्टेचं रूपांतर परंपरेत झालं आणि थट्टा कुणाची होती हेही लोक विसरले.

बागायतदारांचं श्रेयही नाकारायला नको. अलिकांतेजवळच्या विनालोपो नदीच्या खोऱ्यात साधारण १९२० पासून एक युक्ती रूढ झाली. उन्हाळ्यात, घड वेलीवर असतानाच, त्यावर कागदी पिशवी चढवायची. कीड, पक्षी, पाऊस यांपासून राखण होते, साल पातळ राहते आणि पिकणं लांबतं. त्यामुळे ऐन डिसेंबरात ताजी द्राक्षं बाजारात येतात. आमच्या नाशिककडच्या बागायतदाराला हे लगेच उमजेल. उन्हाचा चटका लागू नये, थंडीने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून तोही घडांना कागद लावतो. छत्तीस सेकंदांच्या त्या सोहळ्यामागे कुणाच्या तरी हातांनी उन्हात बांधलेल्या असंख्य पिशव्या असतात.

आता त्या घड्याळाविषयी. ते बनवलं होसे रोद्रिगेस लोसादा या कारागिराने. राजकीय छळामुळे देश सोडून तो लंडनला गेला, तिथे घड्याळजी म्हणून नावारूपाला आला आणि ज्या मायदेशाने त्याला परागंदा केलं, त्याच्या राजधानीला त्याने हे घड्याळ भेट दिलं. १८६६ साली राणी इसाबेल दुसरी हिच्या हस्ते ते सुरू झालं. ज्या इमारतीवर ते आहे, ती मुळात टपाल कचेरी. फ्रँकोच्या हुकूमशाहीत मात्र तिथे राज्याच्या सुरक्षा पोलिसांचं मुख्यालय होतं आणि तळघरांतल्या कोठड्यांत राजकीय विरोधकांचा छळ होई. वर घड्याळ तेच, टोल तेच. १९६२ मध्ये दूरदर्शनने ते पहिल्यांदा देशभर दाखवले, तेव्हाही खाली कोठड्या होत्याच. आज तिथे माद्रिद प्रांताच्या सरकारचं कार्यालय आहे. नव्या वर्षाच्या आनंदात ही आठवण काढणं काहींना रुचणार नाही. पण घरोघरी त्या टोलांवर द्राक्षं खाणाऱ्यांत, त्या कोठड्यांतून परतलेल्या माणसांची कुटुंबंही होती, हे विसरून कसं चालेल?

बाकीच्या गमतीजमती पुष्कळ आहेत. त्या रात्री अंगात लाल अंतर्वस्त्र असावं, पेल्यात सोन्याची अंगठी टाकून मग प्यावं म्हणजे बरकत येते. पहाटे दाट, गरम चॉकलेटात तळलेले चुर्रोस बुडवून खायचे. सण काही एवढ्यावर संपत नाही. पाच जानेवारीच्या संध्याकाळी गावोगाव तीन राजांची मिरवणूक निघते, मुलांवर गोळ्यांची खैरात होते. सहा तारखेला मुलांना भेटी मिळतात आणि घरात रोस्कोन नावाचा कड्यासारखा गोड पाव कापला जातो. त्यात एक छोटी मूर्ती आणि एक घेवड्याचा दाणा दडवलेला असतो. मूर्ती मिळेल तो त्या दिवसाचा राजा. दाणा मिळेल त्याने पावाचे पैसे द्यायचे!

या प्रथेचं लोकांना किती वेड आहे, हे बेर्चुलेस या ग्रानादा प्रांतातल्या डोंगरी गावावरून कळतं. १९९०च्या दशकात एका एकतीस डिसेंबरला तिथली वीज गेली आणि रात्र वाया गेली. गावकऱ्यांनी ठरवलं, आपण ऑगस्टमध्ये नवं वर्ष साजरं करू. तेव्हापासून दर ऑगस्टला, भर उन्हाळ्यात, तिथे पुन्हा बारा टोल आणि बारा द्राक्षं असतात.

आणि २०२० साल. साथीमुळे पुएर्ता देल सोल लोकांसाठी बंद होतं. रिकाम्या चौकावर घड्याळाने टोल दिले. ज्या घरांत एखादी खुर्ची त्या वर्षी रिकामी झाली होती, तिथेही द्राक्षं मोजली गेलीच असणार.

द्राक्षांनी भाग्य येतं यावर त्यांच्यापैकी किती जणांचा खरा विश्वास असेल? मला वाटतं, फार थोड्यांचा. तरीही कुणी चुकवत नाही. वर्षाच्या छत्तीस सेकंदांत घरातला आजोबा आणि नातू, शेजारचा एकटा राहणारा माणूस आणि परमुलखातला पाहुणा एकच गोष्ट एकाच वेळी करतात. तिला खर्च नाही, मंत्र नाहीत, आमंत्रण नाही. कुणाला फार उशीर झाला की स्पॅनिश माणूस म्हणतो, "अशाने द्राक्षांची वेळ येईल!" म्हणजे वर्ष संपेल. बोलताबोलता वर्ष संपतंच. संपताना शेजारी कोण बसलं आहे, एवढं मात्र पाहावं.