पस्तीस हजार बैलांची गाडी

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की प्रवासी वड्यांकडे धावतात. गाडी मात्र वड्यांसाठी थांबलेली नसते. तिच्या शेपटाला इंजिनं जोडायची असतात. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढचं इंजिन ओढणार, मागची ढकलणार, तेव्हा कुठे ती लोणावळ्याला टेकणार. बोरघाट जिथे सर्वांत खडा आहे, तिथे ३७ फूट पुढे सरकलं की एक फूट वर. पायी चालणाऱ्याला याचं फारसं काही वाटायचं नाही, पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला तो डोंगरच.

१८५६ ते १८६३ या काळात ही वाट फोडली. जेमतेम २५ किलोमीटरची लांबी, १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, ८ मोठे कमानी पूल. खोदकाम, आणि तेही बहुतेक कातळाचं, २०,६७,७३८ घनयार्ड. एवढी दगडमाती शिवाजी पार्कच्या मैदानावर सारखी पसरली तर चार मजली इमारत त्यात बुडेल. हत्यारं कोणती? पहार, घण आणि सुरुंगाची दारू. जानेवारी १८६१ मध्ये घाटात ४२,००० मजूर होते. कॉलरा, आमांश आणि तापानं माणसं हजारोंनी गेली. दगडाचा हिशेब शेवटच्या घनयार्डापर्यंत लिहिलेला आहे, माणसांचा मात्र अंदाजानं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन काही आठवड्यांतच वारला आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, कंत्राट पुढे चालवलं. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी घाट खुला केला.

पैसा विलायतेतल्या भागधारकांचा होता आणि त्यांना पाच टक्के व्याजाची हमी होती. गाडी तोट्यात धावली तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. म्हणजे डोंगर आमचा, मजूर आमचे, जोखीमही आमचीच. अशी हमी मिळाल्यावर काटकसर कोण करतो?

म्हणून नुसते खर्चाचे आकडे मला दिपवत नाहीत. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चाची तरतूद ११.२१ लाख कोटी रुपयांची होती. वर्षाच्या सेकंदांनी भागलं तर दर सेकंदाला साडेतीन लाख रुपये. ऐकून डोळे फिरतात, पण हा झाला गेलेल्या पैशाचा आकडा. आला किती, ते बैलांना विचारावं लागतं.

पाठीवर गोणी लादलेला बैल साधारण शंभर किलो वाहायचा आणि दिवसाला २०-३० किलोमीटर चालायचा. रेल्वे दिवसाला ६०० किलोमीटर जायची. लमाणांच्या तांड्याबरोबर निघालेला नागपूरचा कापूस मुंबईला पोचायला महिना लागणार, तोही वाटेत धूळ खात, पावसात भिजत. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले आणि तेच अंतर दीड दिवसावर आलं. आजची एक मालगाडी साडेतीन हजार टन माल सहज नेते. तेवढ्या मालाला ३५,००० बैल लागतील. एका बैलाला तीन मीटर जागा धरली, तर पहिला बैल बोरीबंदरात शिरेल तेव्हा शेवटचा अजून कर्जतच्याही मागे, घाटाच्या तोंडाशी असेल. शिवाय वाटेत त्यांच्या चाऱ्यापाण्याची सोय वेगळीच.

या वेगानं कुणाच्या ताटात काय पडलं, हे अर्थतज्ज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांनी मिठावरून शोधलं. त्यांनी मिठाचे असे आठ प्रकार घेतले, की प्रत्येक एकेकाच ठिकाणी पिके. मग त्या जागेच्या भावात आणि दूरच्या बाजारातल्या भावात जो फरक, तो वाहतुकीचाच. रूळ आले की हा फरक घटे. कचेऱ्यांच्या जुन्या दप्तरांतून मिठाचे भाव वेचून त्यावर एवढं मोठं अनुमान उभं करायचं, हे मला घाट फोडण्याइतकंच चिकाटीचं काम वाटतं. त्यांचा निष्कर्ष असा, की ज्या जिल्ह्यात रेल्वे पोचली, तिथलं शेतीचं खरं उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं. कंपनीचा एकही शेअर ज्यानं पाहिला नाही, त्याच्या घरात ही वाढ गेली.

आता कुणी शंका काढेल, की इंग्रजांनी रूळ मुळी सुपीक, वाढत्या मुलखातच टाकले असतील, मग श्रेय रेल्वेचं कसं? ही शंका डोनाल्डसन यांनाही होती. जुन्या दप्तरांत हजारो किलोमीटरचे असे मार्ग होते, जे नकाशावर आखले गेले, पण ज्यांच्यावर कधी रूळ पडले नाहीत. त्या मार्गांवरच्या जिल्ह्यांचे आकडेही त्यांनी तसेच तपासले. तिथे उत्पन्नात म्हणण्यासारखी वाढ नव्हती.